पुढच्या स्कॉर्पिओनं किती ‘दादा’ असावं?

आकडे बघितले तर हे भांडण व्हायलाच नको. जून २०२२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ-एन जुन्या स्कॉर्पिओपेक्षा वीस सेंटिमीटर लांब आहे आणि जवळपास दहा सेंटिमीटर रुंद. डिझेल इंजिन दोन्हींत २.२ लिटरचंच, पण एनच्या वरच्या मॉडेलात ते १७५ पीएस ताकद देतं, आज ‘क्लासिक’ नावानं विकल्या जाणाऱ्या जुन्या गाडीत १३२. नव्या गाडीचं बुकिंग ३० जुलै २०२२ ला उघडलं तेव्हा अर्ध्या तासात एक लाख लोकांनी पैसे भरले. इतकं सगळं असूनही तलवाड्याच्या स्टँडवर कोणालाही विचारा. उत्तर येतं, “एन भारी हाय, पण ती स्कॉर्पिओ न्हाई.”

का नाही? “बसकी वाटती.”

तक्रार मात्र आकड्यांतही खरी निघते. जुन्या गाडीची उंची १९९५ मिलिमीटर, नवीची १८५७. म्हणजे जवळजवळ चौदा सेंटिमीटर कमी. लांबी वाढली, रुंदी वाढली, ताकद वाढली, आणि लोकांना नेमकी गेलेली वीतभर उंची दिसली. ही वीतभर उंची इतकी का खुपते, हे मला समजून घ्यायचं आहे. कारण पुढची स्कॉर्पिओ कशी असावी याबद्दल रील्सखाली जी मारामारी चालते, तिचं मूळ मला या उंचीतच दिसतं.

अमेरिकेत ज्याला ‘मसल कार’ म्हणतात तिची कृती साधी होती. मध्यम आकाराची, घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं आडदांड इंजिन बसवायचं. जनरल मोटर्सच्या पाँटिॲकनं १९६४ च्या जीटीओमध्ये हेच केलं आणि किंमत तरुण पोराला झेपेल अशी ठेवली. सरळ रस्ते, स्वस्त पेट्रोल, सिग्नल सुटला की कोण पुढे जातो याची चुरस, या सगळ्यातून ती गाडी घडली. मराठवाड्यात अशी गाडी कधी नव्हती आणि असती तरी पहिल्या पाणंदीत बुडाला घासून अडकली असती. पण ‘आपल्या ऐपतीतली, तरी अंगानं धिप्पाड गाडी’ ही जी जागा असते, ती आपल्याकडे स्कॉर्पिओनं घेतली. शून्य ते शंभरला किती सेकंद, हे गेवराई तालुक्यात कोणी विचारत नाही. चिखलातून निघते का, चढाला दुसऱ्या गिअरवर दम टाकते का, नऊ माणसं आणि दोन पोती बसतात का, हे विचारतात. आणि दारात उभी केल्यावर कशी दिसते.

तिचा जन्मही या राज्यातलाच. पवन गोयंका जनरल मोटर्सच्या डेट्रॉइटमधल्या संशोधन केंद्रात चौदा वर्षं काढून १९९३ मध्ये महिंद्राच्या नाशिकच्या संशोधन विभागात आले. कंपनीला तोवर जीप आणि जीपच्या कुळातल्या गाड्याच येत होत्या. कोऱ्या कागदावरून अख्खी नवी गाडी बनवण्याचा अनुभव तिथं जवळजवळ कोणाला नव्हता. तरी तरुण इंजिनिअरांच्या तुकडीनं ती बनवली आणि जून २००२ मध्ये ती बाजारात आली. २.६ लिटरचं टर्बो डिझेल, १०९ पीएस. आज हसू येईल असा आकडा. पण त्या वेळी ‘जीपवाल्या’ कंपनीनं एसी, आरामशीर सीट आणि शहरी तोंडावळा असलेली गाडी त्या किमतीत द्यावी हा मोठा धक्का होता.

हे मुद्दाम सांगतोय. कारण जुन्या स्कॉर्पिओचे भक्त आज तिला परंपरा म्हणून पुजतात. २००२ मध्ये ती परंपरा मोडणारी गाडी होती. तेव्हा जीपचे भक्त काय म्हणत असतील याची कल्पना करता येते. ही काय जीप आहे? हिचं टप कुठं निघतं?

कंपनीनं या भांडणावर काढलेला तोडगा माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतो. नवं व्हर्जन आणायचं, पण जुन्यावर इतके लोक अवलंबून आहेत की ते बंद करायची हिंमत होत नाही, म्हणून जुनं ‘क्लासिक’ म्हणून चालू ठेवायचं. एन आल्यावर दोन महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२२ मध्ये, क्लासिक आली. सॉफ्टवेअरमध्ये असं केलं की नवं काय आणि जुनं काय हा निर्णय पुढे ढकलला जातो, एवढंच. इथंही तेच झालंय. पुढची स्कॉर्पिओ यातल्या कोणाची लेक असणार हे ठरवावं लागणारच आहे.

अमेरिकेतही हाच पेच पडला. डॉजनं डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या व्ही-८ चार्जर-चॅलेंजरचं उत्पादन थांबवलं आणि पुढची चार्जर विजेवर चालणारी आणली. इंजिनच नाही म्हटल्यावर आवाज कुठून येणार, म्हणून गाडीत आवाज काढणारी खास यंत्रणा बसवली. भक्तांनी तिची टर उडवली. मग त्याच गाडीत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिनही द्यावं लागलं. महिंद्रानं २०२४ मध्ये विजेवरच्या गाड्या आणल्या तेव्हा त्यांच्या आवाजांसाठी ए. आर. रहमान यांना घेतलं होतं, म्हणजे आवाजाचा प्रश्न त्यांनाही पडला आहे. फरक इतकाच की अमेरिकन भक्ताला नव्या गाडीत आवाज पाहिजे, आपल्या भक्ताला उंची.

उंचीची गरज खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला पाहिजे. तलवाडा हे त्वरिता देवीचं गाव. नवरात्रात गर्दी होते, एरवी गेवराईला, माजलगावला किंवा बीडला जायचं म्हटलं की रस्त्याचा भरवसा नाही, अशातच माझं सगळं बालपण गेलं. काळी माती पावसात कशी होते हे पुण्याच्या मित्राला समजावून सांगता येत नाही. चप्पल पायात राहत नाही तिथं मारुती काय राहणार? रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं, कोणा बाईच्या कळा सुरू झाल्या, की ज्याच्या दारात स्कॉर्पिओ किंवा बोलेरो आहे त्याला उठवायचं. तो भाडं घ्यायचा, नाही असं नाही, पण उठायचा. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर पेशंटला आडवं घालून नेलेलं मी पाहिलंय. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातले ओढे-नाले पात्राबाहेर आले तेव्हाही आधी उंच गाड्यांचीच आठवण झाली. (वाहत्या पुलावरून उंच गाडीसुद्धा घालू नये, हे वेगळं. पाणी दरवाज्याला लागलं की दोन टनांची गाडीही तरंगायला बघते.) थोडक्यात, उंच गाडी ही हौस नव्हती, सोय होती.

पण रस्ते बदललेत. धुळे–सोलापूर महामार्गाचा येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा टप्पा चौपदरी झाला आणि तो गेवराईला लागूनच जातो. गावातल्या बहुतेक स्कॉर्पिओंचं आयुष्य आता डांबरावर आणि काँक्रीटवर जातं. सोय होती ती गरज कमी झाली, तरी उंची हवीच आहे. मग आता ती कशासाठी हवी?

माझ्या चुलतभावानं याचं उत्तर एका वाक्यात दिलं. पुढच्या स्कॉर्पिओत काय पाहिजे, असं मी त्याला खरंच विचारलं होतं. मला वाटलं फोर बाय फोर म्हणेल, ऑटोमॅटिक म्हणेल, ॲव्हरेज म्हणेल. तो म्हणाला, “समोरच्यानं आरशात बघितलं की बाजूला झालं पाह्यजे. हॉर्न मारायला लागला तर मंग अल्टोच घ्यावा की.”

गाडीची परीक्षणं करणारे याला ‘रोड प्रेझेन्स’ म्हणतात. हा शब्द मला फार सोवळा वाटतो. मराठीत याला धाक म्हणतात. जुन्या गाडीचं उभं तोंड, बॉनेटवरचा उंचवटा, वरून खाली बघणारा ड्रायव्हर, हे सगळं पुढच्या गाडीच्या आरशात एकदम भरतं. एनचं नाक सुबक आहे, छप्पर मागे उतरत जातं, बसण्याची जागा खाली आलीय. चालवायला ती कितीतरी चांगली, वळणावर झुलत नाही. पण आरशात ती मोठी गाडी दिसते, दादा दिसत नाही.

दादा हा शब्द मी उगाच वापरत नाही. कंपनीनंच एनची जाहिरात ‘बिग डॅडी’ म्हणून केली. आमच्याकडे त्याचं भाषांतर आधीच नंबरप्लेटवर झालेलं होतं. एमएच २३ च्या पुढे ४१४१ घ्यायचा आणि तो अशा वळणानं रंगवायचा की ‘दादा’ वाचलं जावं. ८०५५ चं ‘बॉस’ करायचं. २१४ चा ‘राम’ करायचा. अशी प्लेट बेकायदेशीर आहे हे रंगवणाऱ्यालाही माहीत असतं. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी घातली, तरी बिनफिल्मची काळी स्कॉर्पिओ आमच्याकडे अर्धवट वाटते. मुकादमाच्या दारात, गुत्तेदाराच्या दारात, निवडणुकीच्या महिन्यात सगळ्यांच्याच दारात, ती अशीच उभी असते. ज्यांच्याकडे ती नाही ती पोरं तिच्या बॉनेटला टेकून फोटो काढतात आणि स्टेटसला ठेवतात. लग्नाच्या बैठकीत शेती किती, नोकरी काय, याच्या जोडीला ‘गाडी कोणती’ हा प्रश्न येतो आणि ‘स्कॉर्पिओ’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न थोडा मऊ होतो.

इथपर्यंत हे गमतीचं आहे. पुढे नाही. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांचा खून झाला. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण पुढचे कित्येक आठवडे टीव्हीवर आणि फोनवर बीड जिल्ह्याच्या बातमीबरोबर एक काळी स्कॉर्पिओ दिसत होती. पुण्यात ऑफिसमधल्या कॅन्टीनमध्ये माझं गाव कळल्यावर एका सहकाऱ्यानं हसत विचारलं, “तुमच्याकडे काळी स्कॉर्पिओ आहे का रे?” गाडीचा यात काहीच दोष नाही, बनवणाऱ्यांचा तर नाहीच. तीच गाडी पोलीस वापरतात, डॉक्टर वापरतात. तरी एखाद्या वस्तूचं चित्र एकदा असं पक्कं झालं की ‘मला धाक पाहिजे’ हे वाक्य पूर्वीसारखं निरागस राहत नाही. धाक कोणावर, असा पुढचा प्रश्न त्याला चिकटतो.

मला याचं उत्तर माहीत आहे, कारण मी ही गाडी आतून जितकी ओळखतो त्याहून जास्त स्प्लेंडरच्या आरशातून ओळखतो. कॉलेजच्या वर्षांत तलवाडा–गेवराई हा रस्ता मी दुचाकीवर किती वेळा केला त्याची गणती नाही. आरशात ते उभं तोंड आलं की आपण रस्ता सोडून साइडपट्टीच्या मातीत उतरतो. कोणी सांगत नाही, हॉर्नही वाजत नाही. हात आपोआप डावीकडे वळतो. सायकलवरच्या शाळेच्या मुली, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या, सगळ्यांचा हात असाच वळतो. चुलतभावाला पुढच्या स्कॉर्पिओत जे पाहिजे ते हे आहे: माझा आपोआप वळणारा हात.

भक्तांची दुसरी मागणी लोखंडाची. “पत्रा बघ,” असं म्हणत जुन्या गाडीच्या दारावर बोटानं टकटक करून दाखवणारा माणूस प्रत्येक गावात असतो. इथं थोडं इंजिनिअरिंग सांगायला हवं. धडकेत माणूस वाचतो तो पत्रा जाड आहे म्हणून नाही. गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळला पाहिजे, म्हणजे धडकेचा जोर तिथं खर्च होतो, आणि माणसं बसतात तो पिंजरा मात्र शाबूत राहिला पाहिजे. पुढचा भाग जेवढा हट्टी, तेवढा झटका आतल्या छातीवर. ग्लोबल एनकॅपनं २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळून बघितली. शून्य तारे. टकटक करून बघितलं असतं तर पाच मिळाले असते. पत्र्याच्या मानानं पोरकट दिसणारी एन डिसेंबर २०२२ मध्ये त्याच संस्थेच्या चाचणीत उतरली आणि मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेचे पाच तारे घेऊन आली. नव्या पिढीच्या बाजूनं बोलायला एवढा एक मुद्दा पुरे आहे आणि भक्तांच्या वादात तो जवळपास कधीच येत नाही.

पण एनच्या भक्तांनीही लगेच कॉलर ताठ करू नये. वर्षभरानं, २०२३ अखेरीस, ऑस्ट्रेलियाच्या ॲनकॅपनं हीच गाडी तपासली आणि शून्य तारे दिले. तिथले निकष वेगळे आणि जास्त कडक आहेत. गाडी आपणहून ब्रेक लावते का, लेन सोडली तर सावध करते का, अशा मदत करणाऱ्या तंत्रज्ञानासाठी तिला शून्य टक्के गुण मिळाले. आतल्या मोठ्या माणसांसाठी ४४ टक्के. आणि पादचारी, सायकलवाले अशा बाहेरच्या माणसांसाठी २३ टक्के. आपल्याकडे तेव्हा ‘बघा, ऑस्ट्रेलियावाले मुद्दाम करतात’ इतकीच चर्चा झाली. मला त्या निकालातला २३ हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आपण गाडीच्या ताऱ्यांबद्दल बोलतो तेव्हा आतल्यांचं काय होईल एवढंच विचारतो. बाहेरच्याचं काय होईल, याचेही कुठेतरी गुण मोजतात हे आपल्या गावीही नसतं. पुढे २०२५ मध्ये कंपनीनं एनच्या महाग मॉडेलात आपोआप ब्रेक लावणारी वगैरे यंत्रणा दिली. महागच का, हा प्रश्न आहेच. पायी चालणारा माणूस समोरून येणारी स्कॉर्पिओ कोणत्या मॉडेलची आहे ते निवडू शकत नाही.

१५ ऑगस्ट २०२५ ला महिंद्रानं मुंबईत चार संकल्पना-गाड्या दाखवल्या. त्यातल्या ‘व्हिजन एस’ला सगळ्यांनी स्कॉर्पिओच्या घरातली मानलं. आकार चौकोनी, तोंड उभं. भक्तांना हवं ते दिसलं. मग कळलं की खाली एनयू-आयक्यू नावाचा नवा प्लॅटफॉर्म आहे आणि त्यात वेगळी लॅडर फ्रेम नाही, सांगाडा आणि अंग एकच. लगेच भक्तांचा निकाल लागला: मग ती स्कॉर्पिओ कसली?

या जागी माझं मन दोन्हीकडे आहे. लॅडर फ्रेमचा एक मोठा गुण शहरातले परीक्षक विसरतात. अंग वेगळं आणि सांगाडा वेगळा असल्यानं ती गेवराईच्या गॅरेजात दुरुस्त होते. बुडाला दगड लागला, फ्रेमला मार बसला, तरी आमचे मेकॅनिक तिला जॅकवर चढवून सरळ करतात आणि ती आणखी दहा वर्षं चालते. सगळंच एकसंध झालं, त्यावर सेन्सर आणि कॅमेरे आले, की गाडी बीडच्या, नाहीतर संभाजीनगरच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी लागणार आणि तिथल्या बिलाचा आकडा बघून माणूस आधी खुर्ची शोधणार. दुसऱ्या हातानं, तिसऱ्या हातानं गाडी घेणाऱ्यांचा विचार नव्या गाडीचे चाहते करत नाहीत, कारण ते पहिल्या हाताचे असतात. गावात खरी स्कॉर्पिओ तिसऱ्या मालकाकडे असते. म्हणून पुढच्या गाडीत मला पहिल्यांदा हे बघायचंय की दहा वर्षांनी तिला कोण आणि कुठे उघडू शकेल.

बाकी माझी यादी भक्तांना नक्कीच मिळमिळीत वाटणार. उंची ठेवा, पण ती आत बसणाऱ्यांसाठी ठेवा. गुडघे धरून चढणाऱ्या म्हातारीला पाय ठेवायला रुंद पायरी आणि धरायला दांडा द्या. मागच्या आडव्या बाकड्यांवर पोरं बसतातच, ती पुढच्या दिशेला तोंड करून, पट्टा लावून बसतील असं करा, किंवा ती बाकडी काढून टाका. हेडलाइट असे द्या की समोरून येणाऱ्या स्प्लेंडरवाल्याचे डोळे दिपणार नाहीत. सध्याच्या उंच गाड्यांचा साधा डीपरसुद्धा बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतो. बॉनेटची धार जरा मऊ करा. आपोआप ब्रेक सगळ्यात स्वस्त मॉडेलात द्या. यातल्या एकाही गोष्टीनं इंजिनची ताकद एक पीएसनं कमी होत नाही आणि चिखलातून निघायला अडचण येत नाही. फक्त आरशात ती जराशी कमी दादा दिसेल.

चुलतभावाला ही यादी वाचून दाखवली. पायरी आणि दांडा त्याला पटला, कारण आमची आजी त्याच्याच गाडीतून दवाखान्यात जाते. हेडलाइटवर तो गप्प बसला. बॉनेटच्या धारेवर म्हणाला, “मंग बलेनोच म्हन की सरळ.” सनरूफवर मात्र आमचं पूर्ण एकमत झालं की तो नकोच. त्याचं म्हणणं, मे महिन्यात बीडच्या उन्हात डोक्यावर काच कशाला. माझं म्हणणं, वरातीत चालत्या गाडीच्या छपरातून अर्धी बाहेर आलेली पोरं मला बघवत नाहीत.